कॉलेज सोडायचंय? आधी पीओ (गिऱ्हाइकाची लेखी परचेस ऑर्डर) दाखवा

कॉलेज रोडच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘बिल गेट्सकडे तरी कुठे डिग्री होती?’ नव्हती, खरंय. पण १९७५ मध्ये त्याने हार्वर्ड सोडलं तेव्हा अल्टेअर कॉम्प्युटरच्या बेसिकचं काम हातात आलं होतं. मायकेल डेलही १९८४ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या होस्टेलवरून आधी कॉम्प्युटर विकत होता, मग बाहेर पडला. आधी गिऱ्हाईक, मग रामराम. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं.

अझीम प्रेमजींचं नाव तर उगाचच ओढलं जातं. १९६६ मध्ये वडील गेले म्हणून ते स्टॅनफर्ड अर्धवट टाकून आले, पण अमळनेरचा वनस्पती तुपाचा कारखाना उभा होता. त्याच स्टॅनफर्डची डिग्री पुरी करून आलेल्या राजीव सामंतांनी आपल्या नाशकात सुला वाइनरी काढली. आता बोला!

समजा, सेकंड इयरचा पोरगा अंबड एमआयडीसीत सीएनसीचं जॉबवर्क (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट काढून देणं) सुरू करतोय. महिन्याला २ लाखांचं बिलिंग. पेमेंट ९० दिवसांनी आलं तर ६ लाख बाजारात अडकले. टूलिंग, वीजबिल, ऑपरेटरचा पगार मात्र दर महिन्याला रोख. धंदा मशीनमुळे कमी आणि इथेच जास्त बसतो. म्हणून पहिल्या बिलाआधी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. ती फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे. वर्षाचे २४ लाख होतात, म्हणजे सेवांसाठीची २० लाखांची मर्यादा ओलांडली; जीएसटी लागणारच.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘उद्या २०० नग पाठव’ म्हणजे पीओ नव्हे. पीओवर दर, पेमेंटची मुदत आणि ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर (ते कितव्यांदा सुधारलंय) हवा. जुन्या रिव्हिजनवर माल काढला की रिजेक्शन आपल्याच माथी, शिवाय वाया गेलेल्या मटेरियलचे पैसे आपल्या बिलातून कापले जातात ते वेगळे.

कर्जासाठी डिग्री लागते हा गैरसमज. पीएमईजीपी या केंद्राच्या कर्ज-अनुदान योजनेत उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर असेल तर ८वी पास पुरतं. स्वतःचा वाटा खुल्या प्रवर्गाला १० टक्के.

आता कॉलेज. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं आणि पास झालेल्या विषयांचे क्रेडिट (श्रेयांक) अकॅडमिक बँक या ऑनलाइन खात्यात जमा राहतात. राहिलेल्या विषयाचे क्रेडिट मात्र मिळत नाहीत, म्हणून बॅकलॉग काढूनच निघा. खात्यात क्रेडिट चढलेत का हेही स्वतः बघा. गंगापूर धरणाच्या वाटेवरचं मुक्त विद्यापीठ धंदा सांभाळून डिग्री करणाऱ्यांसाठीच आहे. एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) सगळ्यात शेवटी. ती एकदा हातात आली की प्रवेश संपला, आणि दिवाळीनंतर ऑर्डर आटली तर परत बसायला बाक उरत नाही.