दानाचं वावर

त्या दिवशी रजिस्ट्रीचं टोकन दुपारी अडीचचं होतं. आमच्याकडे अडीचचं टोकन म्हणजे साडेचार, आणि सर्व्हर रुसला तर उद्या. तरी मी सगळ्यांना सकाळी अकराला ऑफिसात बोलावून ठेवलं होतं. विक्रीपत्र मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय मी कोणाची सही घेत नाही, आणि अंगठा असेल तर मुळीच नाही. सीनिअरकडे असताना लागलेली सवय. यात अर्धा तास जातो आणि पक्षकार कंटाळतात.

जागा नागपूर-हैदराबाद हायवेवर, जामचा चौक मागे टाकून हैदराबादकडे निघालं की डाव्या हाताला. दोन एकराला थोडी कमी. त्यावर पत्र्याचं मोठं गोदाम, आणि गोदामात बियाण्यांची एक कंपनी भाड्याने. जागा घेणारे, त्यांना मी भाऊच म्हणेन, तहसीलच्या गावात कृषी केंद्र चालवतात. सौदा ४८ लाखांचा. ४८ च का, हे मी विचारलं नाही. ५० च्या आत राहिलं की एक टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशातून आधीच आयकर, कापायची झंझट नाही, हे आता पानटपरीवरही माहीत आहे.

भाऊ माझ्याकडे आले ते रजिस्ट्रीच्या चार दिवस आधी, रात्री नऊला. सहा लाख इसार देऊन झाला होता. दोन लाख चेकने, चार लाख रोख. "इसारचिठ्ठीवर रोख लिहिली काय?" तर म्हणाले, "दोनच लिहिले जी, चार विश्वासावर." जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घेतली तर ती स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, म्हणून विकणारा लिहू देत नाही. आणि लिहिलं नाही म्हणून देणाऱ्याकडे पुरावा नाही. हे मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "मॅडम, फक्त कागद पाहून द्याचे किती घेसान? अर्जनवीस तर पूर्ण रजिस्ट्री तीन हजारात करून देते."

मी आकडा सांगितला. ते हसले. मग त्यांनी आमच्या भागातला नेहमीचा प्रस्ताव ठेवला: घेणारा-विकणारा दोघांचा मिळून वकील एकच, फी अर्धी अर्धी. मी म्हटलं, मी तुमची वकील होईन, त्यांची नाही. उद्या भांडण लागलं तर मी कोणाच्या बाजूने उभी राहू? शेवटी माझ्या आकड्याच्या निम्म्यावर सौदा ठरला. त्या निम्म्यात मी किती पाहायचं, हे दोघांनीही ठरवलं नाही. चूक तिथे झाली, आणि ती माझीही होती.

कारण पुढचे तीन दिवस मी भाडेकरारातच गुंतून पडले. भाऊंना जागेपेक्षा भाड्याचा मोह जास्त होता. महिन्याचे ३५ हजार, तीन वर्षांचा करार, त्यातली अडीच वर्षं शिल्लक. "हप्ता भाड्यातूनच निघते," असा त्यांचा हिशोब. करार पाहिला तर शंभराच्या स्टॅम्पवर, नोटरीचा शिक्का मारलेला, नोंदणी नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, त्यातलं कलम १०७ सांगतं की वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवलेल्या दस्तानेच होतो. नोंदणी नसलेल्या त्या तीन वर्षांना कोर्टात अर्थ नाही. उरतं ते महिन्या-महिन्याचं भाडं, आणि पंधरा दिवसांची नोटीस दिली की कंपनी मोकळी. भाडे नियंत्रण कायद्याचं म्हणाल, तर एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपनीला तो लागतच नाही, आणि या कंपनीचं त्याच्या कितीतरी वर होतं. थोडक्यात, भाऊ ज्याला अडीच वर्षांची कमाई समजत होते ती पंधरा दिवसांची होती. मी कंपनीच्या माणसाशी बोलले, नव्या मालकाला भाडं देऊ असं पत्र मागवलं, डिपॉझिट परत करायची जबाबदारी कोणाची ते विक्रीपत्रात टाकलं. खूप काम केलं असं मला वाटत होतं.

मालकीचं काय? सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-१, म्हणजे विकायला मोकळी जमीन. १९९८ ची एन.ए., म्हणजे बिगरशेती वापराची, ऑर्डर. गोदामावर कर्ज होतं, ते फिटलेलं, बोजा उतरलेला. बँकेच्या पॅनलवरच्या वकिलाचा मालकीच्या नोंदी तपासलेला तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट सोबत. मी माझ्या फाईलवर पेन्सिलने लिहिलं होतं: 'अधिकार अभिलेख ५४-५५ व जुने फेरफार, नक्कल बाकी.' म्हणजे १९५४-५५ ला जमीन कोणाची होती आणि पुढे नावं कशी बदलली, ते पाहायचं राहिलं. भाऊंना सांगितलंही. ते म्हणाले, बँकेने पाहिलं ना मॅडम, मग आपण काहून पैसे खर्चाचे? मी जोर धरला नाही. निम्म्या फीत माझीही इच्छा निम्मी झाली असेल.

तर त्या दिवशी अकरा वाजता विकणारे आले, पन्नाशीचे, सोबत दोन बहिणी आणि म्हातारी आई. वारस म्हणून तिघींचीही नावं सातबाऱ्यावर होती. आईला खुर्ची दिली तर ती दाराशी भिंतीला टेकून खाली बसली. मी वाचायला सुरुवात केली. चतुःसीमा झाल्या. "सदर मिळकत लिहून देणार यांचे वडिलोपार्जित मालकी हक्काची व कब्जेवहिवाटीची असून..."

"मालकीचं नोहय ते, बाई."

मी थांबले. म्हातारीने पदर सावरला. "दानाचं वावर हाय. विनोबाच्या दानातलं. माह्या सासऱ्याले भेटलं होतं."

"माय, तू चूप राय ना वं," मुलगा म्हणाला.

"काहून चूप राहू? बाईनं वाचलं, मी सांगतलं."

भाऊ माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "बुढी आहे जी, काईबाई बोलते. टोकन जाईन."

वर्धा जिल्ह्यात विनोबांचं नाव निघालं की वकिलाने खाली ठेवलेली फाईल परत उचलावी. पवनारचा आश्रम इथून लांब नाही. १९५१ पासून भूदान सुरू झालं, तेव्हा आमचा भाग मध्य प्रदेशात होता, आणि १९५३ मध्ये त्या राज्याने भूदान यज्ञाचा कायदा केला. १९५६ च्या नोव्हेंबरात आम्ही तिथून निघालो, कायदा मात्र आमच्यासोबत आला. दानातली जमीन भूमिहीनाला कसायला द्यायची, ती वारसांकडे जाईल, पण विकता येणार नाही. हे मला तोंडपाठ होतं. चार दिवसांत एकदाही आठवलं नव्हतं.

मी म्हातारीजवळ जाऊन बसले. "आजी, कागद होता का काही?"

"पट्टा होता. सासऱ्यानं टीनाच्या पेटीत ठेवला होता. सांगत जाये, हे वावर खायाचं, इकायचं नाई. मंग घर पडलं एका पावसात."

"याआधी कोणी विचारलं नाही?"

"कोन इचारते? अंगठा दे म्हनते, मी देतो."

बँकेच्या कर्जालाही तिने अंगठा दिला होता.

टोकन सोडून मी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गेले. पाहणीचा अर्ज, फी, मग कापडात बांधलेले बस्ते. तिथले बाबू निवृत्तीला आलेले, त्यांना गावाचं नाव सांगितलं की हात आपोआप योग्य फळीकडे जातो. १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात ती जमीन गावच्या जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, नावे निघाली. विकणाऱ्याने सांगितलेल्या त्याच्या आजोबांचं नाव कुठेच नाही. म्हणजे जमीन वडिलोपार्जित असली तरी मधे काहीतरी घडलेलं. फेरफाराच्या वहीत एका पानाला वाळवीने अर्धवर्तुळ कोरलं होतं, नोंद मात्र शाबूत होती. १९५७ साल. मालगुजाराने भूदानात दिल्यावरून, भूदान यज्ञ मंडळाकडून भूमिहीन म्हणून पट्टा, आणि खाली म्हातारीच्या सासऱ्याचं नाव. हस्तलिखित सातबाऱ्यावर पुढे काही वर्षं 'भूदान' हा शब्द दिसत राहतो. मग एका पुनर्लेखनात तो गळला, आणि संगणकावर आली ती साधी वर्ग-१ ची जमीन. कोणी मुद्दाम गाळला की लिहिणारा थकला होता, हे त्या पानांवरून कळत नाही.

संध्याकाळी ऑफिसात बोलणं झालं, ते बरं झालं नाही. विकणारा उभाच राहिला. "सरकारनं एन.ए. देल्लं, बँकेनं कर्ज देल्लं. तुमालेच काहून दिसलं?"

प्रश्न चुकीचा नव्हता. एन.ए. ऑर्डर म्हणजे जमीन कशासाठी वापरता येईल त्याची परवानगी, त्याने मालकी पक्की होत नाही, हे मी सांगितलं. बँकेचा सर्च तीस वर्षांचा होता आणि खोट साठीच्या पलीकडची. त्याला ते पटलं नाही. माझ्या तोंडून शब्द बाहेर पडत असताना मलाही जाणवत होतं की या माणसाने काही लबाडी केलेली नाही. आजोबाची जमीन वडिलांची झाली, वडिलांची त्याची झाली, त्यावर त्याने कर्ज काढून पत्रे टाकले. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, आजही बाजारात दिसला तर रस्ता बदलतो.

भाऊंना एकच प्रश्न होता. "कलेक्टर साहेबाची परमिशन काढून होते काय?" मी म्हटलं, काढायची असेल तर ती विकणाऱ्याने काढावी, मिळेपर्यंत तुम्ही एक रुपया देऊ नका. रजिस्ट्री ऑफिस दस्त कदाचित घेईलही, सातबारा वर्ग-१ दाखवतो. पण नोंदणी झाली म्हणून मालकी येत नाही. तुमच्या ४८ लाखांनंतर कोणी अटीचा भंग काढला तर तुम्ही कोणाच्या मागे धावाल, म्हातारीच्या?

मुद्रांक शुल्क आधीच ऑनलाइन भरून झालं होतं. न वापरलेल्या शुल्काच्या परताव्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, तो मी दुसऱ्याच आठवड्यात टाकला. कंपनीच्या माणसाला फोन करून कळवलं की भाडं पूर्वीच्याच खात्यात जाऊ द्या. त्याने विचारलं, "मॅडम, मग ओनर कोण?" मी त्याला त्यांचा वकील करायला सांगितलं.

इसारातला चेकचा भाग आठ दिवसांत परत आला. रोखीतले दोन लाख कापूस विकल्यावर, डिसेंबरात. एक लाख होळीला, तेही भाऊंनी चार चकरा मारल्यावर. उरलेल्या एका लाखाबद्दल विकणारा म्हणतो, घेतलाच नाही.