वाईनची आणेवारी

बाटलीच्या गळ्याशी एक सोनेरी ठिपका चिकटवलेला. त्यावर आकडा, ९१. शेजारी वाटीत चिवडा, वर बारीक चिरलेला कांदा, त्यावर लिंबू पिळलेलं. मार्चमधली दुपार, पंखा पाचवर. हे एक्क्याण्णव कुणी दिले असतील, हा प्रश्न चिवडा चावता चावता पडतोच. देणारे थंडगार खोलीत बसले असणार, पांढऱ्या टेबलावर, समोर पाण्याचा ग्लास आणि थुंकायचं भांडं. तिथे चिवडा नसणार. कांदा तर नसणारच.

शंभरपैकी गुण द्यायची ही रीत रॉबर्ट पार्कर नावाच्या अमेरिकी समीक्षकाने १९७८ पासून आपल्या वार्तापत्रातून रुळवली. दिसायला शाळेसारखी, पण मास्तर फार प्रेमळ, नुसत्या हजेरीचेच ५० मिळतात. म्हणजे ९१ हे खरं तर पन्नासपैकी एक्केचाळीस. आणि ७८ मिळाले तर तो ठिपका कोण छापणार? कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठाची वीस गुणांची पद्धत त्याआधीची. तिच्यात रंग, वास, आंबटपणा, तुरटपणा यांचे गुण वेगवेगळे, त्यामुळे वाईनने कुठे मार खाल्ला ते तरी कळतं.

आपल्याकडे मात्र याहून मुरलेली पद्धत आहे, आणि ती महसूल खात्याच्या दप्तरात आहे. आणेवारी, म्हणजे पीक रुपयात किती आणे आलं याचा सरकारी अंदाज. कागदावर आता पैसेवारी लिहितात, पारावर अजून आणेवारीच. आधी नजर अंदाज, मग सुधारित, मग अंतिम. पिकाला एकदाच बघून निकाल लावायचा नाही, हे ज्याला सुचलं त्याला वाईन नक्की कळली असती. वाईनलाही रुपयाचे सोळा आणे घ्यावेत. चार वासाला, चार चवीला, चार गिळल्यावर ती तोंडात किती वेळ रेंगाळते त्याला आणि चार ताटाला, म्हणजे जेवणाशी ती किती जुळते त्याला. रंगाला आणे नाहीत. रंग बिघडलेला असेल तर कापायचे, एवढंच.

नजर अंदाजाला ग्लासात ५० मिली पुरते. एका बाटलीत पंधरा जण होतात, फक्त मोजून ओतणारा एक कडक माणूस हवा. ग्लास पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता, म्हणजे वास आत कोंडून राहतो. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही आणि वास उडून जातो. पण घरोघरी घोळ होतो तो ग्लासाच्या आकाराने नाही, तर कपाटामुळे. ग्लास पालथा ठेवला की फडताळाचा वास त्यात बसतो, आणि त्याच फडताळात डांबरगोळ्या असतील तर फ्रान्समधली सर्वांत महाग बाटलीही तिथेच संपली. ग्लास गरम पाण्याने विसळून, पुसून, उलथा न ठेवता दहा मिनिटं उघडा राहू द्यावा. देवापुढे उदबत्ती लागलेली असेल तर दुसऱ्या खोलीत बसावं. आंघोळीनंतरची पावडर आणि केसांचं सुवासिक तेल यांनाही तोच नियम.

ग्लास आधी न हलवता हुंगायचा, मग फिरवून. दोष शोधायचे असतील तर पहिल्या हुंगण्यातच सापडतात, कारण नाक अर्ध्या मिनिटात सरावतं आणि सगळं ठीकच वाटू लागतं. पावसाळ्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा गोणपाटाचा वास आला तर बूच बाधलंय. कापून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे आत हवा गेली. नेलपॉलिश किंवा व्हिनेगर म्हणजे जिवाणूंनी हात मारलाय. आणि पातेल्याला लागलेल्या जामसारखा वास असेल तर बाटली उन्हाने शिजली. हा शेवटचा दोष आपल्याकडे सगळ्यांत जास्त आणि त्याबद्दल बोलणं सगळ्यांत कमी. मे महिन्यात दुकानाच्या काचेत बाटली उभी असते, ऊन थेट तिच्या पाठीवर. बुचाची असेल तर बूच किंचित वर सरकलेलं असतं, वेष्टन चिकट लागतं. फिरकीच्या झाकणाची असेल तर उघडेपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून काचेतली बाटली घेऊच नये. आतल्या अंधारातली मागावी, दुकानदाराने भुवया उंचावल्या तरी.

वासांना नावं देण्याची पंचाईत वेगळी. डेव्हिसच्याच ॲन नोबल यांनी १९८४ मध्ये वासांचं एक चक्र तयार केलं. ते फार कामाचं आहे, पण त्यातली अर्धी फळं नाशिकच्या रविवार कारंज्यावर मिळत नाहीत. मग माणसं ब्लॅककरंट, गूजबेरी असं पाठ केल्यासारखं म्हणतात. करवंद म्हणायला काय हरकत आहे? जांभूळ, तुती, कवठ, रायआवळा, पिकलेला पेरू? शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षात पेरू असतोच, पिकायला लागलेला, घरभर पसरणारा. सोव्हिन्यों ब्लांक या दुसऱ्या पांढऱ्या जातीत ढोबळी मिरची येते, तीही उपमेपुरती नाही. दोघांत पायराझिन जातीचं एकच द्रव्य असतं. द्राक्ष घाईने तोडलं की ते जास्त राहतं आणि वाईन भाजीवाल्याच्या हातगाडीसारखी वास मारते.

खरं म्हणजे नाशिकच्या पोरांना चव घेण्याचं शिक्षण फुकट मिळतं. फेब्रुवारीत घडाचे सुटलेले मणी ढिगाने विकायला येतात, आणि पिशवी भरेपर्यंत ढिगातलं एक तोंडात, एक पिशवीत असं चालतं. थॉम्पसन कुठली, सोनाका कुठली, हे आठ वर्षांचं पोर डोळे मिटून सांगतं. कडक मणी दातांखाली कसा फुटतो, पाणी जास्त दिलेला मणी कसा फुळकट लागतो, हेही. मग कुणाच्या तरी मळ्यावर त्याच्या हातात वाईनचं द्राक्ष पडतं. बारीक, जाड सालीचं, बी असलेलं. चावतं, आणि बी-साल थुंकून तोंड वाकडं करतं. तरी गोडीला ते खाण्याच्या द्राक्षापेक्षा वरचढ असतं. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. खाण्याचं द्राक्ष १६ ते १८ ब्रिक्सला उतरवतात, वाईनचं २२ ते २४ ला. ब्रिक्सला साधारण ०.५५ ने गुणलं की अल्कोहोलचा टक्का निघतो, तेविसाला साडेबाराच्या आसपास. गोडी अशी खमिराने खाऊन टाकलेली असते, म्हणून वाईन कोरडी. पहिल्या घोटाला "आंबट आहे" म्हणून ग्लास खाली ठेवणारे काका काही चुकीचं बोलत नसतात.

सुधारित अंदाज वीस मिनिटांनी. मधल्या वेळात बदलतं ते मुख्यतः तापमान. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, हे वाक्य ज्या खोलीसाठी लिहिलं ती दगडी आणि १७ अंशांची होती. सिडकोतल्या तिसऱ्या मजल्यावर एप्रिलमध्ये ३५ असतात. त्या तापमानाला शिराझसारख्या रेडमधून फक्त स्पिरिट वर येतं. रेड अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. व्हाइट उलट, फ्रिजमधून पंधरा मिनिटं आधी बाहेर, कारण चार अंशांवर तिचा वासच गोठलेला असतो, आठ-दहाला मोकळा होतो. घाई असेल तर बादलीत बर्फ, बाटलीच्या गळ्यापर्यंत पाणी आणि मूठभर मीठ, वीस मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ घातला तर मधल्या फटींतली हवा थंडी पोचू देत नाही. पाणी घालायला सांगितलं की लोकांना वाटतं चेष्टा चाललीय.

आता अंतिम. ताट.

मिसळीपासून सुरुवात करणं नाशिककराला भागच आहे, आणि तिथेच बहुतेक बाटल्या आडव्या होतात. मिरचीची आग आणि अल्कोहोल एकमेकांना चिथावतात. रेडमधला तुरटपणा वरून पडला की तर्री कडू लागते. बुडबुडेही आग वाढवतात, हे भल्याभल्यांना माहीत नसतं. चालते ती थोडी गोडसर ठेवलेली शेनिन, लिटरला १५-२० ग्रॅम साखर उरलेली, अल्कोहोल बाराच्या आत, चांगली गार. लिंबू मात्र मिसळीवर बेताने पिळावं. जेवण वाईनपेक्षा आंबट झालं की वाईन पाण्यासारखी लागते. एवढं करूनही मिसळीला ताकच जास्त शोभतं, दुधातलं केसिन नावाचं प्रथिन मिरचीला जसं धरतं तसं द्राक्षातलं काही धरत नाही. चार आण्यांपैकी अडीच, त्यातला अर्धा आणा गावच्या अभिमानाचा.

तळणाचं मात्र सोनं होतं. पाववडा, कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, सगळ्यांना कोरडी फसफसणारी वाईन. तिचा आंबटपणा आणि बुडबुडे तेल जिभेवरून खरवडून नेतात आणि पुढचा वडा पहिल्यासारखा लागतो. हा फायदा की तोटा, ते डॉक्टरांना विचारावं. कोथिंबीर वडीला सोव्हिन्योंही जमते, हिरव्याला हिरवं. चतुर्थीला साबुदाणा वडा आहे म्हणून कुणी बाटली काढू नये, एवढी लाज गोदाकाठाने अजून राखली आहे.

माझा हट्ट एकाच जोडीसाठी: उडदाचा मिरी घातलेला पापड आणि शिराझ. मिऱ्यात जे रोटुंडोन नावाचं द्रव्य असतं, तेच शिराझच्या सालीत असतं. थंड रात्री मिळालेल्या बागेत ते जास्त उतरतं. पापड विस्तवावर भाजलेला हवा, तळलेला नको, आणि शिराझ सोळा अंशांवर. एक तुकडा, एक घोट, मग दोन्ही बाजूंनी मिरी. खर्च नगण्य, आणि चारांपैकी पूर्ण चार.

राहता राहिला चिवडा. नुसता असता तर फार बरा, मीठ वाईनला मवाळ करतं आणि कुरकुरीतपणा बुडबुड्यांना साथ देतो. पण कच्चा कांदा तोंडात एकदा बसला की तासभर कुठलीच वाईन वाईन राहत नाही. बडीशेप खाऊन तो जाईल असं वाटतं, मग सगळंच बडीशेपेचं लागतं. कोरड्या पावाचा तुकडा चावावा, पाणी प्यावं, थांबावं.

तेव्हा या ९१ वालीची आणेवारी अशी: वासाला तीन, चवीला तीन, रेंगाळण्याला दोन. आठ झाले, म्हणजे रुपयातले पन्नास पैसे. खरिपात पन्नास पैशांच्या खाली गेलं की गाव टंचाईत धरतात, ही जेमतेम काठावर. ताटाचे चार आणे लिहायचे आहेत, पण कांदा घातलेला चिवडा अजून अर्धी वाटी उरलाय आणि तो टाकून कोण देणार. अंतिमचा रकाना तूर्त कोरा.