मागचा पुडा

दुपारी जेवणं आटोपून पेपर घेऊन पडले होते, तर अग्रलेखावरून एक टोका निघाला. पेन्शनर गृहस्थ संध्याकाळी बागेत निघावा तसा संथ, निवांत. कुठून आला असेल हे विचारायची गरज नव्हती. स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फडताळात पुढे ठेवलेले डबे काढले की मागे आणखी एक रांग आहे. तिथलाच हा रहिवासी.

आमच्या घरात प्रत्येक जिन्नस दोन ठिकाणी असतो. पुढचा खायचा आणि मागचा असू द्यायचा. रव्याच्या मागे रवा, साखरेच्या मागे साखर, चहाच्या मागे चहा. पुढचा संपला की मागचा पुढे येतो, पण त्याच दिवशी मागे नवा गेला पाहिजे. नाही गेला तर मला रात्री झोप लागत नाही. ह्यांना हे अजिबात कळत नाही. आमच्या इमारतीच्या तळमजल्यालाच वाण्याचं दुकान आहे. "तीन मजले उतरलं की तूरडाळ," असं हे वर्षानुवर्षं सांगत आलेत. मला तीन मजले मान्य आहेत, वाणीही मान्य आहे. तरीही मागचा पुडा हवा.

हे दोन्हीकडून आलंय. आई गुहागरकडची, अण्णा मंगळवेढ्याकडचे.

आजोळी मे महिना म्हणजे आम्हा मुलांना सुट्टी आणि घरातल्या बायकांना आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. रोहिणी लागायच्या आत सगळं झालं पाहिजे, मृग कुणासाठी थांबत नाही. अंगणभर रातांब्यांची सालं पसरलेली. दिवसभर उन्हात वाळवायची, संध्याकाळी त्यांच्याच रसात मीठ घालून बुडवायची, सकाळी पुन्हा उन्हात. अशी पुटं देत देत ती काळीभोर होईपर्यंत आमचे हात लाल. एका बाजूला फणसाचे पापड, दुसऱ्या बाजूला पोह्याची मिरगुंडं, मधे काठी घेऊन कावळे हाकायला बसवलेला सगळ्यांत निरुपयोगी नातू. आढ्याला कांद्याच्या माळा. मागच्या पडवीत लाकडं आणि शेणी छपरापर्यंत रचलेल्या. मसाला कुटून बरणीत दाबून भरायचा आणि वर हिंगाचा खडा. तांदळाला राख, डाळींना एरंडेल. मग सुकी मासळी. जूनपासून होड्या वर ओढून झापांखाली जाणार. आता तर १ जून ते ३१ जुलै सरकारी बंदीच असते, तेव्हा समुद्रच बंदी घालायचा. त्यामुळे सुकट, बोंबील आणि खारे बांगडे यायचे. सोडेही यायचे, पण ते आजी सोनं मोजावं तसे मोजून घ्यायची आणि कुलपात ठेवायची. गोव्यात या खरेदीला पुरुमेंत म्हणतात आणि तिची चक्क फेस्तं भरतात. आमच्याकडे फेस्त नव्हतं. आजीचा आवाज होता.

"हात लावू नको, पावसाळ्यातलं आहे ते."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की पावसाळा हा ऋतू नसून आजीचा कुणी खाष्ट पाहुणा आहे असं मला वाटायचं. त्याच्यासाठी सगळं. आठळ्यासुद्धा. फणस आम्ही खायचा आणि आठळ्या त्याच्या. पडवीच्या कोपऱ्यात तांबड्या मातीत त्या पुरून ठेवायच्या, म्हणजे सुकत नाहीत की किडत नाहीत. दुपारी सगळे झोपले की आम्ही बोटांनी माती उकरून दोन-चार काढायचो आणि माती होती तशी थापून ठेवायचो. आजी उठली की पायानेच तिला कळायचं.

गंमत म्हणजे यातलं आम्ही कधीच काही खाल्लं नाही. पापड वाळवले आम्ही, कावळे हाकले आम्ही, आमसुलांना पुटं दिली आम्ही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा, की एसटीत बसून डोंबिवली. सोबत एक बरणी लोणचं, थोडी आमसुलं, दोन फणसपोळ्या. बाकीचं सगळं तिथेच, त्या पाहुण्याची वाट बघत.

एकदाच, आजोबा फार आजारी पडले तेव्हा, आई मला घेऊन भर श्रावणात गेली. पायवाटेचा ओहोळ झाला होता, ओटीवर दिवसाही अंधार. आजोबा आतल्या खोलीत खोकत होते. आजीने मातीतल्या आठळ्या काढून चुलीच्या निखाऱ्यात सारल्या, त्या फुटायला लागल्या तशा चिमट्याने बाहेर ओढल्या. बाहेरचं साल जळकं, आत पिवळसर पीठ, मिठाचा खडा लावून खायचं. मीठही पावसाने पाझरत होतं. मडक्याखाली वाटी ठेवलेली आणि तिच्यात थेंब थेंब खारं पाणी. मग कुळथाची पिठी आणि भात, वर सुकट-कांदा. घरात तेव्हा दुसरं काही नव्हतं आणि नाही असं वाटतही नव्हतं. कुळथाची पिठी घरात आहे तोवर कोकणातली बाई कुठल्याही पाहुण्याला भीत नाही.

अण्णांच्या गावी हे असलं काही नाही. तिथे पाऊस येणार म्हणून कुणी साठवत नव्हतं. पाऊस येणार नाही म्हणून साठवायचे.

त्यांच्या वाड्यासमोर पेव होतं. वरून बघाल तर जमिनीत बसवलेली फरशी, बस. ती उचलली की माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आणि आत रुंद होत गेलेलं पोट. तळाला आणि कडेने कडब्याचा थर, मधे ज्वारी, तोंडावर पुन्हा फरशी आणि मातीचा लेप. आतली हवा कोंडलेली, त्यामुळे किडाही जगत नाही आणि माणूसही. म्हणून उघडल्यावर लगेच कुणी उतरायचं नाही. तोंड खुलं ठेवून थांबायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर आणखी थांबायचं. तेवता राहिला तर घरातला सगळ्यांत काटकुळा पोरगा कमरेला दोर बांधून आत. तो पोरगा बरीच वर्षं अण्णा होते. पेवातल्या ज्वारीला एक उबट वास येतो, भाकरीतही उतरतो. नव्या माणसाला तो सहन होत नाही. अण्णा मात्र डोंबिवलीत ताटातली भाकरी नाकाशी नेऊन म्हणायचे, "हिला वासच नाही."

१९७२ साली कंदील सरळ खाली गेला आणि तळ दिसला. आधीची दोन वर्षंही पाऊस धड नव्हता. अण्णा हे एवढ्याच शब्दांत सांगायचे. मग दुष्काळी कामावर खडी फोडणं, कामावर मिळणारी सुकडी, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो. भाकरी लाल व्हायची. चवीबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण घरात गव्हाच्या पिठाचं गूळ घातलेलं काहीही केलं की ते हात न लावता ताट सारायचे. मंगळवेढा म्हटलं की लोकांना दामाजीपंत आठवतात, दुष्काळात बादशहाचं कोठार भुकेल्यांना उघडं करणारे. अण्णांचं त्यावर ठरलेलं उत्तर होतं. "पंतांचे पैसे भरायला विठोबा बिदरला गेला. आमचं पेव भरायला कोण येणार होतं?"

तर अशी ही दोन माणसं लग्न करून डोंबिवलीत दोन खोल्यांत राहिली. माळ्यावर आईचं पावसाळ्यातलं, पलंगाखाली गावाकडून एसटीच्या टपावरून आलेलं अण्णांचं ज्वारीचं पोतं. एका घरात दोन वेगवेगळी संकटं साठवलेली, आणि आम्ही भावंडं मधल्या जागेत अभ्यास करायचो. तिथे वाढलेल्या मुलीला तुम्ही वाणी तीन मजले खाली आहे असं सांगून काय उपयोग?

टाळेबंदीची घोषणा झाली त्या रात्री हेसुद्धा पिशवी घेऊन धावलेच. २४ मार्च २०२०, दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. वाण्याकडे तोवर डाळ, तांदूळ, पीठ सगळं उठलं होतं. हे राजगिऱ्याचं पीठ, भगर आणि पाच किलो साबुदाणा घेऊन आले. मी काही बोलले नाही. फडताळातली पुढची रांग काढली आणि मागची दाखवली. आयुष्यात एवढं समाधान मला फार कमी वेळा मिळालंय. साबुदाणा मात्र संपता संपेना. हनुमान जयंतीपर्यंत आमच्या घरी रोज एकादशी.

स्वीडनमध्ये माझी भाची असते. २०२४ च्या नोव्हेंबरात तिथल्या सरकारने घरोघर एक पुस्तिका पाठवली. युद्ध झालं किंवा वीज-पाणी गेलं तर निदान आठवडाभर स्वतःच्या बळावर निभावता यावं म्हणून काय काय ठेवा, ते त्यात लिहिलेलं. प्रत्येक मोठ्या माणसाला दिवसाला तीन लिटर पाणी, न शिजवता खाता येईल असं टिकाऊ अन्न, बॅटरीचा रेडिओ, थोडी रोकड. ती जरा घाबरली होती. फोनवर म्हणाली, "मावशी, सरकार सांगतंय घरात खायचं साठवून ठेवा." मला हसू आवरेना. सरकारला सांगावं लागतं! तिच्या आईने महिनाभरात मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भडंगाचा मसाला आणि खाकऱ्यांचे पुडे एवढं पाठवलं की रशियाने सवडीने यावं. त्यातले खाकरे पोरांनी नाताळच्या आत फस्त केले. हे व्हायचंच. बेगमी खाण्यासाठीच असते, वर्षाचं वर्षाला संपते आणि पुन्हा भरते. कुणी म्हणे पंचवीस वर्षं टिकणारी जेवणाची बादलीसुद्धा विकतात. पंचवीस वर्षं न उघडायची बादली घरात असली तर मी तिच्याही मागे एक बादली ठेवीन, एवढंच.

पण चिपळूणच्या मावशीचं सांगायला हवं.

आईच्या पाठची बहीण. आजीचा आवाज तिने घेतला आणि आगोटही. बाजारपेठेजवळ तळमजल्यावर घर, मागे स्वयंपाकघर आणि कोठीची खोली. तिथे पिंपात तांदूळ, डब्यात पापड, ओळीने कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, झाकणाला फडकं बांधलेल्या बरण्या. २२ जुलै २०२१ ला पहाटे वाशिष्ठीचं पाणी गल्लीत आलं आणि उजाडेपर्यंत खिडकीला लागलं. मावशी आणि काका अंगावरच्या कपड्यांनिशी शेजारच्या माडीवर गेले. आणखी चार-पाच कुटुंबं तिथेच. पहिला दिवस सगळ्यांनी मिळून बिस्किटं आणि त्या शेजारणीच्या डब्यातले भिजवलेले पोहे खाल्ले. तिच्याकडे फार काही नव्हतंच. ती नोकरी करायची, आठवड्याचं आठवड्याला आणायची. मावशी तिला नेहमी नावं ठेवायची.

पाणी उतरल्यावर मावशीने दार लोटलं तेव्हा तांदूळ फुगून पिंपांची झाकणं वर उचलली गेली होती. पापडांच्या डब्यात लगदा. सुकटीचा डबा तरंगत मागच्या गल्लीत गेलेला, तो वासावरून सापडला. आगळाच्या बाटल्या बुचासकट शाबूत, चिखलात उभ्या. पण सगळ्या गावाची गटारं त्या पाण्यात मिसळलेली, त्यामुळे त्याही ओतून दिल्या. पावसाळ्यासाठी राखलेलं सगळं पावसाळ्यानेच नेलं.

तीन-चार दिवसांनी घाटावरून टेम्पो आले. कराडकडची कुठली तरी माणसं, मावशीने नावं विचारली नाहीत, त्यांनीही सांगितली नाहीत. चादरी, मेणबत्त्या, पाण्याच्या बाटल्या आणि कापडात बांधलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या, सोबत शेंगदाण्याची चटणी. मावशीने जन्मात कधी ज्वारी आवडीने खाल्ली नव्हती. अण्णांना ती आयुष्यभर चिडवायची, "भावोजी, तुमच्याकडे गुरं काय खातात मग?" त्या दिवशी तिने जिन्याच्या पायरीवर बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या. रात्री फोन लागला तेव्हा हे सगळं तिनेच सांगितलं. अण्णांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

"भावोजी असते तर मला केवढं बोलले असते," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "पण वातड होत्या गो."