मारुती 800 : नव्याने बांधलेले इंजिन ऑइल का खात होते?

मागील नोंद लिहिली तेव्हा इंजिन बांधून 600 किमी झाले होते आणि ऑइलची पातळी उतरते आहे, एवढेच लक्षात आले होते. 796 सीसीच्या या तीन सिलिंडरच्या इंजिनाचे बोअर करून, म्हणजे सिलिंडर किंचित मोठे करून, 0.50 मिमी ओव्हरसाइज पिस्टन टाकले असल्याने पिस्टनभोवतीच्या रिंगा (कड्या) भिंतीशी नीट बसेपर्यंत थोडे ऑइल जाणार, हे गृहीतच होते. परंतु 1,500 किमीनंतरही खप कमी होईना. रात्रभर सपाट जागी उभ्या असलेल्या गाडीची डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहायची आणि वरच्या खुणेपर्यंत ऑइल मापाच्या भांड्यानेच भरायचे, असा नियम ठेवला, तेव्हा 500 किमीला 650 मिलि लागले. बाहेर कोठेही गळती नव्हती, कूलंट स्वच्छ होते आणि इंजिनातले वायू बाहेर सोडणारी ब्रीदरची नळीही आतून कोरडी होती.

कात्रजचा जुना घाट गिअरवर उतरून खाली अॅक्सिलरेटर दाबला की मागे निळा धूर दिसे. थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमधला (हवा इंजिनात नेणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्यूम वाढतो आणि ऑइल व्हॉल्व्ह गाइडमधून, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी जिथून सरकते त्या नळीतून, ओढले जाते, म्हणून मी ते अडवणारे व्हॉल्व्ह सील बदलले. खप 650 वरून 620 वर आला, म्हणजे जवळपास तेवढाच राहिला. तोच व्हॅक्यूम सिलिंडरमध्येही पोहोचतो आणि रिंगांखालचे ऑइल वर खेचतो, हे मी विचारात घेतले नव्हते. शिवाय दोष सीलचा असता, तर रात्रभर झिरपलेल्या ऑइलचा धूर सकाळी पहिल्या स्टार्टला दिसायला हवा होता. तो कधीच दिसला नाही.

प्लग काढले. एक आणि तीन नंबरच्या सिलिंडरचे बिस्किटी रंगाचे, दोन नंबरचा काळा आणि ओला होता, म्हणजे ऑइल तिथेच जळत होते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मात्र गेजवर अनुक्रमे 12.6, 12.8 आणि 12.5 किलो आले. ज्या सिलिंडरवर संशय, त्याचेच सर्वाधिक! प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले, तर बाकी दोन थोडे वाढले आणि दोन नंबर जागचा हलला नाही. येथे थांबून विचार करणे आवश्यक होते. ते सिलिंडर आधीच ऑइलने ओले होते, त्यामुळे त्याचे सीलिंग चांगले भासत होते. कॉम्प्रेशन मुख्यतः वरची रिंग राखते. भिंतीवरचे ऑइल खाली ओढण्याचे काम दुसऱ्या आणि तिसऱ्या रिंगचे असते, आणि त्याविषयी हा गेज फारसे काही सांगत नाही.

हेड आणि सम्प (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवले. दोन नंबरच्या पिस्टनच्या माथ्यावर मध्यभागी कार्बन होता, पण कडेची बोटभर पट्टी ऑइलने धुऊन लख्ख झाली होती. पिस्टन बाहेर काढून भिंगाखाली पाहिले, तेव्हा दुसऱ्या रिंगच्या तोंडाजवळचे (कडी जिथे कापलेली असते तिथले) बारीक अक्षर, जे वर असायला हवे, ते खालच्या बाजूला आढळले. ही रिंग किंचित निमुळती असते. खालची धार भिंतीला घासून उतरताना ऑइल खरवडते. उलटी बसल्यास तीच धार वर जाताना ऑइल ज्वलनकक्षाकडे ढकलते. बाकी दोन पिस्टनांच्या रिंगा बरोबर होत्या. काम बाहेरच्या गॅरेजमध्ये झाले होते. प्रत्येक रिंगचे अक्षर चढवण्यापूर्वी स्वतः पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

बोअरवरील क्रॉसहॅच (ऑइल धरून ठेवणाऱ्या तिरक्या बारीक रेघा) शाबूत होते, म्हणून हलके होनिंग (दगडाने घासणे) करून त्या पिस्टनला नवा संच टाकला. वरच्या रिंगच्या तोंडाची फट 0.22 मिमी, दुसरीची 0.24 मिमी आली आणि तोंडे एकमेकांपासून दूर ठेवली. काल 500 किमी पूर्ण झाले, 90 मिलि ऑइल भरावे लागले. दोन नंबरच्या प्लगवर आता कोरडा, करडा थर आहे.