निपाणीच्या नळीतलं एन्झाइम

सुजलेल्या गुडघ्यांतून काढलेलं पाणी जिलेटिन मिसळलेल्या जेलवर चालवलं होतं; जिथे एन्झाइम जिलेटिन खातं, तिथे रंग न धरता पांढरा पट्टा उरतो. रंग उतरवून जेल काचेवर ठेवली, तर चौथ्या, सहाव्या आणि सातव्या लेनमध्ये ९२ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं माप) जागी पांढरे पट्टे इतके रुंद, की शेजारच्या लेनमध्ये घुसलेले. बाकी लेनमध्ये त्याच जागी केसाएवढी रेघ. नोंदवही काढली. चार आणि सहा निपाणीच्या, सात खानापूरची. उरलेल्या सगळ्या बेळगाव शहरातल्या ओपीडीतल्या.

९२ म्हणजे एमएमपी-९, जिलेटिन खाणारं एन्झाइम. टेबलाभोवती पहिला अंदाज निघाला तो असा: तंबाखूच्या वखारीत दिवसभर बसकाम करणाऱ्या, चिखलात वाकून भाताची रोपं लावणाऱ्या बायकांचे गुडघे हे, पेशींवर ताण जास्त, म्हणून एन्झाइम जास्त. अंदाज मोहात पाडणारा होता, कारण त्यामागचं जीवशास्त्र खोटं नाही. कूर्चेत रक्तवाहिनी नसते. तिथली पेशी एरवीही कमी ऑक्सिजनवर, मुख्यतः ग्लुकोज फोडून जगते. संधिवाताने सुजलेल्या सांध्यात तिच्यावर इंटरल्युकिन-१ आणि टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनांचा मारा होतो, मायटोकॉन्ड्रियातून ऑक्सिजनची मुक्त मूलकं सुटतात, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये घडी न बसलेल्या प्रथिनांचा ढीग साचतो. जेएनके आणि एनएफ-कप्पा-बी या वाटांनी निरोप केंद्रकात पोचला, की पेशी कोलॅजन विणायचं सोडून एमएमपी-१३ हे त्याच घराण्यातलं एन्झाइम काढायला लागते. टाइप-२ कोलॅजनचा तिपेडी दोर ते एका ठरलेल्या जागी तोडतं. पाऊण आणि पाव असे दोन तुकडे पडतात. शरीराच्या उष्णतेला हे तुकडे उलगडून जिलेटिन होतात, आणि मग एमएमपी-२ आणि एमएमपी-९ त्यांचा फडशा पाडतात.

ही एन्झाइमं पेशीतून बाहेर पडतात ती झोपलेली. एका सिस्टीनमधला गंधक आतल्या जस्ताला धरून बसलेला असतो. पेरॉक्सिनायट्राइट किंवा न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशीने बनवलेलं हायपोक्लोरस आम्ल त्या गंधकावर आदळलं की पकड सुटते. तीच रसायनं टीआयएमपी-१ हा लगामही नासवतात. म्हणजे ताणामुळे एन्झाइम वाढतं, जागं होतं आणि मोकाटही सुटतं.

पण जेलवर दोन गोष्टी जुळत नव्हत्या. एमएमपी-२ चा ७२ किलोडाल्टनचा पट्टा सगळ्या लेनमध्ये सारखाच होता. हे एन्झाइम सांध्याच्या अस्तरातल्या पेशी कायम थोडं थोडं सोडत असतात, त्यामुळे लेनमध्ये नमुना कमी-जास्त पडलाय का हे त्यावरून कळतं. पडला नव्हता. दुसरं, त्या तीन लेनमध्येच वर, १३० च्या आसपास, आणखी एक पट्टा होता. तिथे एमएमपी-९ एनगॅल नावाच्या प्रथिनाला डायसल्फाइड बंधाने जोडलेलं असतं, आणि ही जोडी न्यूट्रोफिलची खूण आहे. कूर्चेतल्या पेशीवर लगेच बोट ठेवता येईना.

न्यूट्रोफिल एमएमपी-९ मागणी आल्यावर बनवत नाही. कणिकांमध्ये भरून तयारच ठेवतो. निपाणीचं पाणी सकाळी काढलेलं, दुपारच्या बसने कंडक्टरअण्णांच्या हाती आलेलं. पंचाहत्तर किलोमीटर आणि वर पाऊस. नळीत ग्लुकोज संपत जातं, लॅक्टिक आम्ल वाढतं, पेशी फुटतात आणि कणिका रिकाम्या होतात. ताण पेशींवर आलाच होता, पण गुडघ्यात किती आणि नळीत किती, हे जेल सांगत नाही. पट्ट्याची रुंदी बसच्या वेळापत्रकाबरोबर वाढत होती.

खात्री करायला दुसऱ्या दिवशी ओपीडीत एका सुजलेल्या गुडघ्यातून वीस मिलि पाणी निघालं, ते वापरलं. रंग पिवळट, गढूळ. सुईच्या टोकावरून तार न धरता पाण्यासारखं ठिबकणारं. पेशी मायक्रोलिटरला वीस हजारांच्या घरात, बहुतेक न्यूट्रोफिल. त्याचे चार भाग केले. पहिला अर्ध्या तासात सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून वरचं पाणी वेगळं केलं. दुसरा दोन तासांनी, तिसरा पाच तासांनी. चौथा न फिरवता थेट फ्रीझरमध्ये टाकला.

जेल आठ टक्क्यांची, त्यात मिलिलिटरला एक मिलिग्रॅम जिलेटिन. नमुना उकळायचा नाही आणि डायसल्फाइड बंध तोडणारं मर्कॅप्टोइथेनॉल घालायचं नाही, नाहीतर एन्झाइम पुन्हा घडी घालून उभं राहत नाही आणि १३० ची जोडीही तुटते. हायल्युरॉनिक आम्लामुळे पाणी बुळबुळीत असतं. आधी ते आम्ल तोडणारं हायल्युरोनिडेज देऊन पातळ केलं नाही तर लेनमध्ये फराटे उठतात. थंड खोलीत जेल चालवली, मग अडीच टक्के ट्रायटनमध्ये अर्धा-अर्धा तास दोनदा धुतली. इथे घाई केली तर एसडीएस, म्हणजे जेलमधलं प्रथिनं उलगडणारं डिटर्जंट, आत राहतं आणि एकही पट्टा उठत नाही. नवखी मुलं हमखास इथेच चुकतात. नंतर ३७ अंशांवर अठरा तास, पन्नास मिलिमोलर ट्रिस, पाच मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. फॉस्फेट बफर चालत नाही, कॅल्शियम खाली बसतं. त्याच नमुन्याची एक पट्टी कापून ईडीटीए घातलेल्या बफरमध्ये ठेवली. ईडीटीए कॅल्शियम आणि जस्त ओढून घेतो. त्या पट्टीवर काहीच उठलं नाही, म्हणजे पट्टे धातू-प्रोटीनेजचेच. रात्री वीज गेली की इन्क्युबेटर गार होतो आणि सगळेच पट्टे फिके पडतात, म्हणून एका जेलची दुसरीशी तुलना करायची नसते.

सकाळी निकाल समोर होता. अर्ध्या तासाची रेघ बारीक. दोन तासांची स्पष्ट जाड. पाच तासांची निपाणीसारखी, वर १३० सकट. न फिरवता गोठवलेला चौथा सगळ्यांत वाईट, अर्धी लेन पांढरी. बर्फाच्या सुयांनी झाडून सगळ्या पेशी फोडल्या होत्या. एमएमपी-२ चौघांत सारखा.

वखारीतल्या बायकांच्या गुडघ्यांत ताण नाही, असं यातून सिद्ध होत नाही. तो मोजायचा तर जिलेटिनच्या जेलवर विसंबून भागणार नाही. या जेलवर एसडीएसमुळे झोपलेलं एन्झाइमही उलगडतं आणि जागं असल्यासारखं दिसतं, टीआयएमपी लेनमध्ये वेगळा पडून निघून जातो, आणि एमएमपी-१३ तर जेमतेम दिसतं. त्यासाठी एलायझा, म्हणजे प्रतिपिंडांनी प्रथिन मोजणारी चाचणी, हवी. खरोखर जागं एन्झाइम किती ते पाहायचं तर एन्झाइमने तोडला की चकाकणारा सब्स्ट्रेट हवा, आणि त्या चाचणीला जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी पाठवली की उत्तर शून्य येतं.

निपाणी आणि खानापूरला आता छोटं सेंट्रीफ्यूज ठेवलंय. पाणी काढल्यापासून अर्ध्या तासाच्या आत दहा मिनिटं फिरवायचं, तळाचा साका न हलवता वरचं पाणी नव्या नळ्यांत भरायचं, मग बर्फ. डब्यावर कन्नड आणि मराठीत काढल्याची वेळ आणि फिरवल्याची वेळ असे दोन रकाने. परवा निपाणीहून पाच नळ्या आल्या. एकीवर दोन्ही रकान्यांत एकच वेळ होती आणि तळाशी पांढरा थर. ती बाजूला काढली, चार चालवल्या.