उत्तर पाठवू नकोस

११ मार्च २०११. शुक्रवार, दुपारचे पावणेतीन. टोक्योत कायाबाचोच्या आमच्या ऑफिसात आधी खिडक्यांचे पट्ट्यांचे पडदे काचेवर टकटक आपटायला लागले. मग कपाटांची दारं उघडमीट करू लागली. भूकंपाची सवय असलेली जपानी मंडळी एरवी मान वर करून पुन्हा कामाला लागतात. त्या दिवशी तीही टेबलाखाली गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाहीत.

टोक्योत आमचं फार काही बिघडलं नव्हतं. खरं कुठे बिघडलंय ते कळलं तासाभराने, टीव्हीवर. एनएचकेच्या हेलिकॉप्टरमधून नातोरीची शेतं दिसत होती आणि त्यांच्यावरून काळं पाणी सरकत येत होतं. त्यात घरं होती, गाड्या होत्या. ऑफिसात कुणीच बोलेना. नातोरी म्हणजे सेन्दाईच्या दक्षिणेला. तिथून किनाऱ्याने वर गेलं की इशिनोमाकी.

इशिनोमाकीला माझं एक घर आहे. २००६ साली सेन्दाईच्या तोहोकु विद्यापीठात एक वर्ष शिकत होते, तेव्हा वर्गातली मैत्रीण नववर्षाला मला घरी घेऊन गेली. नंतर दरवर्षी जात राहिले. तिच्या आईला मी ओकासान म्हणते, वडिलांना ओतोसान. मैत्रीण नोकरीसाठी सेन्दाईला राहायची, आईवडील इशिनोमाकीला, बंदराजवळ.

मी तिचा मोबाइल लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग दर मिनिटाला लावत सुटले, आणि माझ्यासारखं अख्खं पूर्व जपान तेच करत होतं. पुढे आकडे वाचले तेव्हा उलगडा झाला: फोनची गर्दी आवरण्यासाठी कंपन्यांनी मोबाइलवरचे ७० ते ९५ टक्के कॉल अडवून धरले होते. इंटरनेटवर आणि मेलवर मात्र फार तर ३० टक्क्यांपर्यंत बंधन होतं, काही कंपन्यांचं तर तेवढंही नाही. म्हणजे मेल केला असता तर उशिरा का होईना, पोचण्याची शक्यता होती. मी मात्र फोनच दाबत बसले.

माझी स्वतःची आई तेवढ्यात पुण्याहून हेच करत होती. तिकडे सकाळचे सव्वाअकरा वाजले असताना भूकंप झाला. जेवायच्या वेळेला टीव्ही लावला तर हे सगळं. मी तिला एका ओळीचा मेल टाकला, भावाने तिला वाचून दाखवला, तरी संध्याकाळपर्यंत तिचे फोन चालूच. ‘मेल कोणीही लिहील, मला तुझा आवाज ऐकू दे.’ तेव्हा वैतागले होते.

गाड्या बंद. घरी, निशिकासाईपर्यंत चालत निघाले. एइताई पुलावर माणसांची अशी रांग होती की आपला वेग आपल्या हातात नव्हता. कुणी हेल्मेट घालून चाललेलं, कुणी नुकत्याच विकत घेतलेल्या बुटांत. मोन्झेन-नाकाचोजवळ एका हिरव्या पब्लिक फोनपुढे लोक शांतपणे उभे होते. हे फोन कित्येक वर्षांत कुणी वापरलेले मी पाहिले नव्हते. आपत्तीच्या वेळी त्यांच्यावरचे कॉल अडवत नाहीत आणि त्या दिवशी ते फुकट केले होते, हे मला पुढच्या आजोबांनी सांगितलं. ‘नाणं टाका, बोलून झालं की परत पडेल.’ आणि मग विचारलं, ‘१७१ लावलंत का?’

१७१ हा आपत्तीतला निरोपांचा फोन. १९९५च्या कोबे भूकंपात असंच सगळं तुंबलं, त्यानंतर १९९८ साली तो सुरू झाला. आपण १७१ लावायचं, निरोप ठेवायला १ आणि ऐकायला २ दाबायचं, मग आपत्तीच्या भागातल्या घराचा नंबर (तेव्हा मोबाइलचा चालत नसे). ३० सेकंद बोलायचं. निरोप त्या नंबरच्या नावावर पडून राहतो, आणि तो नंबर ज्याला ठाऊक असेल तो कुठूनही ऐकतो. म्हणजे दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याचा फोन लागायची गरज नाही. अतिशय शहाणी योजना. अडचण एवढीच की मला घरचा नंबर पाठ नव्हता. माझ्याकडे मैत्रिणीचा मोबाइल, बस्स.

चालताना आठवलं: नववर्षाचं कार्ड! जपानी लोक दर जानेवारीत पोस्टकार्डं पाठवतात, त्यावर पत्ता असतो, जुन्या लोकांच्या कार्डावर फोनही. २०११ हे सशाचं वर्ष. ओतोसान दरवर्षी त्या वर्षाचा प्राणी ब्रशने स्वतः काढायचे. यंदाच्या सशाचा एक कान लांब नि एक आखूड झाला होता आणि त्याबद्दल बाजूला बारीक अक्षरात माफी मागितली होती.

आराकावावरचा कासाई पूल ओलांडून घरी पोचले तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. चपला न काढताच (हे जपानी घरात पाप आहे) आत जाऊन खण उपसला. ससा सापडला. खाली डाव्या कोपऱ्यात ०२२५ने सुरू होणारा नंबर.

१७१. २. नंबर. एकही निरोप नाही.

मग १ दाबलं. ३० सेकंद किती थोडे असतात ते कळलं. मी जपानी रीतीप्रमाणे आधी नाव सांगितलं, मग ‘नेहमी आपली कृपा असते’ वगैरे ठराविक वाक्य तोंडातून निघून गेलं, मग गप्प झाले, आणि ‘ओकासान, मी टोक्योत ठीक आहे, तुम्ही–’ एवढ्यावर बीप वाजला.

शनिवार, रविवार, सोमवार. किनाऱ्यावरच्या मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या दुसऱ्या दिवशी संपत गेल्या. एकूण सुमारे २९ हजार टॉवर बंद पडले होते. त्यामुळे शुक्रवारी रात्री ज्यांचा एखादा मेल आला, तेही शनिवारी गप्प झाले. गप्प होणं म्हणजे वाईट झालं असं नव्हे, पण हे तेव्हा स्वतःला समजावणं कठीण जायचं. इकडे फुकुशिमाच्या बातम्या सुरू झाल्या, १४ तारखेपासून टोक्योच्या आसपास पाळीपाळीने वीज जाऊ लागली. इचिहाराच्या तेल कारखान्याच्या आगीमुळे विषारी पाऊस पडणार, छत्री घ्या, पुढे पाठवा, असे मेल मला एका दिवसात पाच ठिकाणांहून आले. ती अफवा होती. पाचही जणांना उलट उत्तर लिहिलं आणि एकाच्या मनाला फार लागलं.

त्या दिवसांत हाताला काम होतं ते नावं टाइप करण्याचं. गूगलने भूकंपानंतर काही तासांतच ‘पर्सन फाइंडर’ सुरू केलं होतं. आसरा केंद्रांच्या भिंतीवर चिकटवलेल्या नावांच्या याद्यांचे फोटो लोक काढून पाठवत आणि ते वाचून कुणीही टाइप करू शकत होतं. हे फोटो मी विसरणार नाही. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, खोक्याच्या पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेली नावं. थंडीने की घाईने वाकडं झालेलं अक्षर. जपानी नावांची गंमत अशी की उच्चार एक आणि लिहायच्या तऱ्हा दहा, म्हणून एकाच माणसाला दोन-तीन प्रकारांनी शोधावं लागे. कुठे नुसतंच ‘आणि आजी’ असं लिहिलेलं असायचं. ते कसं टाइप करणार? मी ‘आणि आजी’ असंच टाइप केलं. तीन रात्री जागून याद्या उतरवल्या. इशिनोमाकीच्या आमच्या घरातलं नाव एकाही यादीत दिसलं नाही.

बातमी आली ती वेगळ्याच वाटेने. १५ तारखेला ओसाकाहून आमच्या जुन्या वर्गमित्राचा मेल. मैत्रीण सुखरूप होती. सेन्दाईत वीज नसल्याने फोन मेला होता, तिने रांग लावून एकच फोन केला आणि तो केला ओसाकाला. टोक्योलासुद्धा लागत नव्हता तेव्हा पश्चिमेकडे लागत होता. तिने त्याला चार नावं सांगितली, ‘यांना कळव.’ सहकाऱ्याच्या गाडीतलं उरलंसुरलं पेट्रोल घेऊन ती इशिनोमाकीला गेली होती, पुढे चिखलातून पायी. ओकासान एका शाळेच्या व्यायामशाळेत सापडल्या. ओतोसान सापडले नव्हते. त्सुनामीच्या लाटेचा इशारा झाल्यावर ते शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याला आणायला परत गेले होते.

मी तिला लगेच लांबलचक मेल लिहिला. कशी आहेस, ओकासान जेवतात का, काय पाठवू, पैसे हवेत का, कुठली शाळा, मी येऊ का. सात प्रश्न होते, नंतर मोजले. उत्तर आलं दोन दिवसांनी: ‘फोन चार्ज करायला रोज रांग असते. तुझ्या प्रश्नांना उत्तरं द्यायची राहून जातात आणि मग मला अपराधी वाटतं.’

मला पुण्याहून येणारे फोन आठवले.

जपानीत मेलच्या शेवटी लिहायचा एक शब्द आहे, ‘हेन्शिन फुयो’. उत्तर नको. ऑफिसच्या मेलमध्ये तो सर्रास असतो, कोरडा, कामापुरता. त्या दिवसापासून मी तिला रोज रात्री एक मेल लिहायला लागले आणि विषयाच्या जागीच ‘हेन्शिन फुयो’ टाकायला लागले, म्हणजे मेल उघडण्याआधीच ओझं उतरावं. आत प्रश्नचिन्ह टाकायचं नाही, हा माझा नियम. ‘गानबात्ते’, म्हणजे धीर धर, जोर लाव, हेही लिहायचं नाही. तेव्हा टीव्हीवर, दुकानांवर, बसवर सगळीकडे तेच लिहिलेलं असायचं. तिने एकदा लिहिलं होतं की याहून जास्त कसा जोर लावायचा ते कुणी सांगत नाही.

मग लिहायचं काय? मेट्रोची तोझाई लाइन आज कमी गाड्यांनी चालली आणि एका बाईंच्या पिशवीतला मुळा माझ्या बरगडीत टोचत होता. ऑफिसात दिवे अर्धे बंद, त्यामुळे साहेबांना माझी झोप दिसली नाही. अमकीच्या मांजरीने कोटावर पिल्लं घातली. मला वाटायचं, माणूस कुठल्या प्रसंगातून जातोय आणि मी मुळ्याचं काय सांगतेय. पण ती ते व्यायामशाळेत आईला वाचून दाखवायची, हे मला महिनाभराने कळलं. मुळा ओकासानना विशेष आवडला.

तिची उत्तरं तुटक यायची, कधी आठवड्याने, कधी तीन ओळी. मार्चअखेरीस एकदा लिहिलं होतं: ‘शेजारच्या ओनागावाला तुमच्या देशाची माणसं आली आहेत, शोधायला.’ आपल्या एनडीआरएफची ती ४६ जणांची तुकडी होती, देशाबाहेरची त्यांची पहिली मोहीम. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले. एरवी असल्या गोष्टींचा अभिमान मिरवणाऱ्यांतली मी नाही.

आम्ही एक खूण ठरवली होती: मोठा हादरा बसला की ज्याला बसला त्याने विचारायची वाट न पाहता एकच शब्द पाठवायचा, ‘बुजी’, सुखरूप. दुसऱ्याने काहीच करायचं नाही, फोन तर नाहीच. ७ एप्रिलच्या रात्री साडेअकराला मियागीला, म्हणजे त्यांच्याच प्रांताला, पुन्हा जबरदस्त धक्का बसला. मी फोन हातात घेऊन बसले. लावायचा नाही, लावायचा नाही. अकराव्या मिनिटाला ‘बुजी’ आला. पाठोपाठ दुसरा मेल, विषय ‘हेन्शिन फुयो’, आत काहीच नाही.

ओतोसान एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सापडले. तिने मला ते एका ओळीत कळवलं. मी त्या रात्री फक्त ‘वाचलं’ असं लिहिलं. मुळा, मांजर दोन दिवस बंद ठेवलं, तर तिनेच विचारलं, पिल्लांचं काय झालं.

२५ एप्रिलला टोक्यो-सेन्दाई शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पुन्हा सुरू झाली. मेच्या सुट्टीत मी गेले, सेन्दाईहून पुढे बसने. बस वळली आणि वास आला, मासे, डिझेल आणि ओली माती एकत्र. घराच्या जागी जोतं होतं आणि न्हाणीघराच्या निळ्या फरशा. ओकासान अजून आसरा केंद्रातच होत्या. पुठ्ठ्याच्या आडोशामागे त्यांची दोन ब्लँकेटची जागा, तीही त्यांनी मला ‘या, बसा’ म्हणत झाडून दिली. बोलता बोलता म्हणाल्या की केंद्रात फुकटचे फोन बसवले तेव्हा कुणीतरी १७१ शिकवलं आणि त्यांनी माझा निरोप ऐकला. ‘तू फार वेळ नुसता श्वास घेत होतीस. मी तेवढाच भाग दोनदा ऐकला.’

घरातलं काहीच उरलं नव्हतं. फोटो, पुस्तकं, ओतोसानचे ब्रश. मी सशाचं कार्ड बरोबर नेलं होतं, आणि निघण्याआधी कोपऱ्यावरच्या दुकानात ५० येन टाकून त्याची रंगीत झेरॉक्स काढली होती. दोन्ही पुढे ठेवले. ओकासाननी कार्ड उचललं, आखूड कानावर अंगठा ठेवला, मागे वळवून नंबर पाहिला आणि म्हणाल्या, ‘हा आता लागत नाही.’ मग कार्ड कमरेच्या पिशवीत ठेवलं. झेरॉक्स माझ्या फ्रिजवर आहे.

१७१ दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला सरावासाठी खुलं असतं. आम्ही तिघी १ तारखेला सराव करतो, आता मैत्रिणीच्या नव्या घरच्या नंबरवर. ओकासान अजूनही सुरुवातीला स्वतःचं पूर्ण नाव सांगतात, हवामान सांगतात, शेजारणीच्या गुडघ्याचं सांगतात. मागच्या खेपेला त्या कुठल्याशा माशाची पाककृती सांगायला लागल्या होत्या, ‘आधी मीठ लावून ठेवायचं आणि मग–’ आणि बीप वाजला.