इतक्या कोपऱ्यात शहर कुणी वसवलं?

रत्नागिरीला सुट्टीवर आले की हा प्रश्न ठरलेला असतो: "तुमचं ते कॅनडातलं प्रिन्स रूपर्ट पार वर, अलास्काला टेकलेलं. तिथे शहर वसवायचं कुणाच्या मनात आलं?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

पुस्तकातलं उत्तर म्हणजे चार्ल्स हेज, ग्रँड ट्रंक रेल्वेचा अध्यक्ष. थंडीत न गोठणारं खोल बंदर, त्यात व्हँकूवरपेक्षा आशियाला जवळ. रूळ इथवर आणले की व्यापार आपसूक येईल, हा त्याचा हिशोब. शहराची जागा म्हणजे काएन बेट, नुसता खडक आणि दलदल. खडक सुरुंगांनी फोडला, दलदलीवर फळ्यांचे रस्ते टाकले. नावासाठी स्पर्धा लावली, बक्षीस 250 डॉलर. 1910 मध्ये रीतसर शहर झालं. एप्रिल 1912 मध्ये हेज इंग्लंडहून परत निघाला तो टायटॅनिकने, आणि बुडाला. रूळ जोडले गेले 1914 मध्ये. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. पुढे कंपनीच दिवाळखोरीत गेली.

गाव तगलं ते मासळीवर. जवळच पोर्ट एडवर्डला 1889 चा सॅल्मन मासा डबाबंद करायचा कारखाना आता संग्रहालय म्हणून जपलाय. पाण्यात रोवलेल्या खांबांवर लाकडी शेड, आणि कामगारांच्या राहायच्या जागा वेगवेगळ्या: चिनी एकीकडे, जपानी दुसरीकडे, मूळनिवासी तिसरीकडे. त्या फळ्यांवरून चालताना माझा जीव कासावीस होतो. डिसेंबर 1941 मध्ये जपानशी युद्ध पेटताच या किनाऱ्यावरच्या जपानी कोळ्यांच्या होड्या सरकारने जप्त करायला घेतल्या, आणि 1942 मध्ये माणसांना घरादारातून उठवून आत दूरवर धाडलं.

हेजचा हिशोब खरा ठरायला 2007 उजाडलं. त्या वर्षी कंटेनर टर्मिनल सुरू झालं, आणि आज आशियातली अजस्र जहाजं इथे लागतात. नगरपालिकेशेजारी त्याचा पुतळा आहे, बहुतेक वेळा भिजलेला. आपल्याकडे चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो तो पाऊस इथे वर्षभर झिरपत असतो.

पण "कुणी वसवलं" याचं उत्तर मी हेज असं देत नाही. याच बंदराच्या काठी इथल्या मूळनिवासी त्सिमशियन लोकांची हिवाळी गावं हजारो वर्षं नांदत होती. हेजला जे बंदर "सापडलं", ते त्यांचं घर होतं, आणि ते आजही इथेच आहेत. आपल्याकडे कालवं फोडून झाली की शिंपांचा ढीग परसात पडतो ना? तसेच त्यांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या जेवणातले शिंपले इथल्या काळ्या मातीत थरांवर थर साचलेत, पांढरेशुभ्र.